रवळनाथाला विचारलेलं गणित

इंजिनीअर व्हायचं तर अकरावीला कोणते विषय घ्यावेत, याबद्दल ऐंशीच्या दशकात आमच्या खाडीकाठच्या गावांत एकच अधिकारी माणूस होता, आणि तो मी होतो. मी स्वतः तोवर एकच इंजिनीअर पाहिला होता. तो मोरीचं काम बघायला जीपमधून आला आणि खाली न उतरताच परत गेला. तरीही आईबाप मला विचारायचे आणि मी घसा खाकरून सांगायचो. जे विचारायला येत नसत, त्यांच्या घरी जाऊन सांगायचो.

माझे वडील लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडायचे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो, तेही गणित घेऊन. पास क्लासात झालो, ही गोष्ट मात्र मी गावात कुणाला सांगितली नाही. 'क्लास' ऐकून लोकांना ते वरचंच काहीतरी वाटलं असतं, पण धोका कशाला घ्या. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी दाराला लाकडी पाटी लावली. वर नाव, खाली बी.एस्सी., बी.एड. वडील ती बराच वेळ न्याहाळत उभे राहिले. मग म्हणाले, "ही कित्याक? घर चुकतंस काय तू?"

मी हायस्कूलला आठवी-नववीचं गणित शिकवायचो आणि सुखात होतो. मग आमच्या शाळेला अकरावी-बारावी सायन्स मिळालं. त्या वर्गांना एम.एस्सी. झालेला माणूस लागतो. जाहिरात दिली. एकजण मुलाखतीला आला, त्यानं एसटीतून उतरून गाव बघितलं आणि त्याच एसटीनं परत गेला. दुसरा रुजू झाला, पण पावसाळा लागायच्या आत त्याला घाटावर नोकरी मिळाली. मुख्याध्यापक मला म्हणाले, "तुमचं गणितच होतं ना? तात्पुरतं बघा." ते तात्पुरतं मी निवृत्त होईपर्यंत बघितलं.

शिकवण्याची माझी रीत साधी होती. मुलांच्या एक धडा पुढे राहायचं. एखाद्या हुशार मुलानं पुढच्या प्रकरणातलं विचारलं तर मी शांतपणे म्हणायचो, "ते पुढं येणार आहे." मुलांना वाटायचं, सर शिस्तीचे आहेत. खरं म्हणजे ते तोवर माझ्याकडेही आलेलं नसायचं.

आता ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सायन्सला फिजिक्स-केमिस्ट्री सगळ्यांना सक्तीचं. पुढे फाटा फुटतो. गणित घेतलं तर इंजिनीअरिंग, जीवशास्त्र घेतलं तर डॉक्टरकी, नर्सिंग वगैरे. दोन्ही घेतली तर दोन्ही दारं उघडी, पण दोन्हीकडे मार्क कमी पडून माणूस उंबऱ्यावरच राहायची भीती. बरं, गणितातही गणितं आहेत. कॉमर्सलाही गणित असतं, पण त्या गणितावर इंजिनीअरिंगला कुणी आत घेत नाही.

हे न कळल्यामुळे बाजारातल्या इस्माईलभाईंच्या मुलाचं इंजिनीअरिंग हुकलं. इस्माईलभाईंचा मंगलोरी कौलांचा धंदा होता. मुलगा आकड्यांत वाघ. कॉमर्सची शिकवणी घराच्या शेजारीच होती म्हणून त्यानं कॉमर्स घेतलं, गणितासकट. बारावीला ढीगभर मार्क घेऊन बापलेक माझ्याकडे इंजिनीअरिंगचं विचारायला आले. मी सांगितलं की हे गणित चालत नाही.

"मास्तर, गणित ते गणित," इस्माईलभाई म्हणाले. "हंय दोन नि दोन चार, थंय पाच होतत काय?"

त्याचं उत्तर मला अजूनही येत नाही. पोराला पुन्हा अकरावीपासून सुरू करायला लावायचा बापाला धीर झाला नाही. तो पुढे धंद्यातच शिरला आणि चांगला चालवला. पण समोरून जाताना तो मला हसून "सर" म्हणायचा, तेव्हा माझी चाल थोडी जलद व्हायची.

या सगळ्यात माझा एक स्वार्थही होता. एखाद्या विषयाला ठरावीक संख्येइतकी मुलं नसतील तर तो विषय बंद होतो. गणित बंद झालं असतं तर मी परत आठवीच्या वर्गात गेलो असतो, आणि आमच्या वाडीत तर मी तोवर 'प्रोफेसर' झालो होतो. म्हणून दहावीचा निकाल लागला की मी सायकल काढायचो. थेट मिठबावपर्यंत दारोदार फिरायचो. माडांच्या बागेत, बंदरावर, कुणाच्या खळ्यात बसून देशाला इंजिनीअरांची किती गरज आहे ते सांगायचो. देशाची गरज खरी होतीच. फक्त तिच्या जोडीला माझीही होती, तेवढं मी सांगत नसे.

गिऱ्हाइकंही एकेक भेटत. एकानं विचारलं, "इंजिनेर म्हणजे बोटीचो काय रस्त्याचो?" म्हटलं, दोन्हीचा असतो. "मग दोन्ही पगार गावतत?" दुसऱ्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि निरोप देताना म्हणाला, "मास्तरानू, तुमी इतक्या गणित शिकलास, तरी सायकलच?"

एका वर्षी जुलै उजाडला आणि गणिताला एक मूल कमी पडलं. एकच. सगळी गावं पालथी घालून झाली होती. उरली होती सुनंदा.

सुनंदा आमच्याच शाळेची. खाडीपलीकडच्या वाडीतली. तिचे वडील भिकाजी, सगळे त्यांना तात्या म्हणत, ते रापणीवर जायचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. चाळीस-पन्नास माणसं दोन टोकांना धरतात आणि पडेल ती मासळी वाटून घेतात. सुनंदाला दहावीला गणितात शाळेत सर्वांत जास्त मार्क होते. मी तिला विचारलं होतं, इंजिनीअरच का? ती म्हणाली होती, "सर, बंदरावरच्या बर्फाच्या फॅक्टरीचा मशीन बंद पडला की फोंडाघाट चढान कोल्हापुरासून माणूस आणूक लागता. तो येयसर मासो कुसान जाता. माका तो माणूस होवचा आसा."

इंजिनीअर कशाला म्हणतात याची इतकी चांगली व्याख्या मला कुठल्याच पुस्तकात सापडली नव्हती. मी ती ताबडतोब माझ्या भाषणात घातली आणि स्वतःची म्हणून वापरली.

अडचण तात्यांची होती. सुनंदाची आत्या सावंतवाडीला एका दवाखान्यात कामाला होती. तिनं कळवलं होतं, पोरीला जीवशास्त्र द्या, नर्सिंगला घालू, मी सांभाळते. म्हणजे जीवशास्त्राच्या टोकाला एक माणूस हात पुढे करून उभं होतं. गणिताच्या टोकाला कुणीच नव्हतं. आणि दोन्ही विषय घ्यायची सोय सुनंदाला नव्हती. जीवशास्त्राची प्रॅक्टिकलं संध्याकाळी संपायची आणि खाडी ओलांडायची शेवटची होडी, आमच्याकडे तिला 'तर' म्हणतात, ती त्याआधी सुटायची. दोन्ही घेणारी मुलं शाळेजवळ खोली घेऊन राहायची. मुलीला खोली घेऊन ठेवणं तात्यांच्या स्वप्नातही नव्हतं. तेव्हा काय ते एकच.

तात्या म्हणाले, "मास्तरानू, चेडू हुशार आसा ता माका कळता. पण गणितात गेला नि इंजिनेर झाला नाय, तर नर्शीचा दार पण गेला. मगे मी तेका काय सांगू?" शेवटी त्यांनी ठरवलं, रवळनाथाला कौल लावायचा.

आमच्याकडे हे नवीन नाही. लग्न, घर, होडी, कशाचंही कोडं पडलं की ग्रामदेवाला विचारतात. गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालतो, भिजवलेल्या फुलाच्या दोन पाकळ्या देवाच्या पाषाणाला लावतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी सायन्सचा माणूस. वर्गात मी यावर बरंच बोलायचो. पण प्रवेशाचा तो शेवटचा दिवस होता, आणि मला एक मूल कमी होतं. मी सकाळीच तरीनं पलीकडे गेलो आणि सर्वांच्या आधी देवळात जाऊन बसलो.

वाडीतली दहाबारा माणसं जमली. तात्या पुढे, सुनंदा खांबाला टेकून. बाबल गुरवानं हात जोडले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू, भिकाजीचा चेडू, धावी पास झालेला आसा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आता ह्येका अकरावीक इषय घेवचो आसा. एका वाटेन गेला तर नर्श, दुसऱ्या वाटेन गेला तर इंजिनेर..."

"व्हय म्हाराजा."

मी पुढे वाकून हळूच म्हटलं, "फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित, तिन्हीची टोटल धरतात, तेवढं सांगा."

गुरव मागे न बघता म्हणाला, "मास्तरानू, देवाक टोटल सांगा नको." आणि पुढे चालू, "तर ह्या चेडवान गणित घेतल्यार तेचा बरा होवचा आसात, तर उजवो कौल दी. वायट होवचा आसात, तर डावो कौल दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी सर्वांत मोठा आवाज माझा होता. मलाच दचकायला झालं.

पाकळ्या लावल्या. आम्ही बसलो. पाकळ्याही बसल्या. आषाढातली हवा, माझे शर्ट घरात चार चार दिवस सुकत नव्हते, तिथे भिजलेली पाकळी कशी सुटणार? शेजारच्या माणसाला मी पृष्ठताण ही कल्पना समजावून सांगायला लागलो. तो म्हणाला, "गप ऱ्हवा." बराच वेळ झाला. कुणीतरी विडी ओढून आलं. पलीकडे शाळेत मुख्याध्यापक शेवटचे अर्ज घेत बसले असतील, हे मला दिसत होतं.

शेवटी बाबल गुरव उठला, सगळ्यांकडे वळला. "कोणाच्या तरी मनात काय तरी आसा," तो म्हणाला. "ता भायर येयसर देव बोलाचो नाय."

सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्या म्हणाले, "माझ्या मनात होता ता मी सांगलंय. भिती वाटता. आनिक काय नाय." मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"माझ्या मनात काही नाही," मी म्हणालो. अशा वेळी माझ्या तोंडून शुद्ध मराठी येते. हा माझा जुना दोष आहे आणि माझ्या बायकोला तो फार उपयोगी पडतो.

तात्या माझ्याकडे सरकले. रागानं नव्हे. मग त्यांनी अगदी साधं विचारलं, "मास्तरानू, तुमच्या हाताखालना आजपर्यंत किती इंजिनेर झाले?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत मला एकाही बापानं विचारला नव्हता. उत्तर टाळायचे चार रस्ते मला सुचले. पण समोर पाषाण, पाषाणाला चिकटलेल्या दोन पाकळ्या, आणि खांबाशी ती मुलगी.

"एकय नाय," मी म्हणालो.

एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर मग बाकीचंही आलं, तेही मालवणीत. म्हटलं, "वर्गाक एक पोर कमी आसा म्हणान मी हंय सकाळपासून बसलंय. सुनंदान घेतला नाय तर माझो वर्ग बंद. आनि तिका गणित येता म्हणान पण बसलंय, ता खोटा नाय. पण तिका होये तितके मार्क पाडूक माझ्यान शिकवूक होयत काय, ता माका म्हाईत नाय. बारावीच्या पुस्तकातली शेवटची प्रकरणां माकाच नीट येणत नाय. मी बी.एस्सी. पास क्लासात झालंय."

मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पास क्लास म्हणजे वयलो काय खालचो?"

"खालचो."

"मगे बाबल," म्हातारा म्हणाला, "कौल चेडवाचो कित्याक लावतंस? मास्तराचोच लाव."

आधी एक हसला, मग सगळे. तात्याही हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार होतो? हसू ओसरलं आणि गुरवानं वळून पाहिलं, तर दोन्ही पाकळ्या खाली पडल्या होत्या. कुठली आधी पडली, ते कुणीच बघितलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

बाबल गुरव भयंकर चिडला. पुन्हा लावा, असं कुणीतरी म्हणालं. "एका गोष्टीक दोनदा इचारूचा नसता," तो म्हणाला आणि आपलं तबक उचलून आत गेला.

तात्यांनी खाली वाकून त्या पाकळ्या बघितल्या. मग म्हणाले, "देवान आमच्यारच सोडल्यान." आणि मुलीकडे वळले. "गो, तुका काय होया?"

सुनंदा म्हणाली, "गणित."

"आयकलंस मां, मास्तर काय म्हणाले ता?"

"आयकलंय. सरांका येणा नाय ता मी पुस्तकात बघीन."

आमच्या पंचक्रोशीत माझ्या अध्यापनावर झालेली ती सर्वांत नेमकी टीका. तात्यांनी सदऱ्याची बाही ओढून चेहरा पुसला आणि म्हणाले, "चला. तर सुटात." आम्ही तिघं खाडी ओलांडून शाळेत पोचलो तेव्हा मुख्याध्यापक कपाटाला कुलूप लावत होते. त्यांनी ते परत काढलं.

नंतरची दोन वर्षं माझ्या नोकरीतली सर्वांत कष्टाची. सुनंदा पहिल्या बाकावर बसायची आणि बोलल्याप्रमाणे खरोखर पुस्तकात बघायची. मी फळ्यावर लिहीत असताना मागून पान उलटल्याचा आवाज आला की माझा खडू थांबायचा. "सर, ती खूण उलटी होवक होयी काय?" असं ती इतक्या अदबीनं विचारायची की रागावताही येत नसे. 'ते पुढं येणार आहे' हे वाक्य मी सोडून दिलं.

इंटिग्रेशनच्या प्रकरणाला मी हात टेकले. सावंतवाडीच्या कॉलेजात गणिताचे एक प्राध्यापक होते, वयानं माझ्याहून लहान. दर रविवारी एसटीनं त्यांच्याकडे जायला लागलो. गुरुदक्षिणा म्हणून फडक्यात बांधून सुरमई न्यायचो. कंडक्टर दर वेळी मला मागच्या सीटवर बसवायचा. ते प्राध्यापक शाकाहारी होते, हे मला चौथ्या रविवारी कळलं. तोवर त्यांच्या शेजाऱ्यांनी माझी चांगलीच वाट बघायला सुरुवात केली होती.

सुनंदाला बारावीला इंजिनीअरिंगपुरते मार्क पडले. घाटावरच्या एका कॉलेजात मेकॅनिकलला जागा मिळाली. त्या वर्गात ती एकटी मुलगी. मी गावभर असा फिरलो की जणू यंत्रं मीच शोधून काढली. त्या वर्षी सायकल काढावी लागली नाही, आईबापच दारात यायला लागले. कुणी विचारलं, किती इंजिनेर झाले, की मी सांगायचो, "सुरुवात झालेली आहे."

आणि मग तिच्या पहिल्या सत्राचा निकाल आला. सगळे विषय सुटले, एक राहिला. गणित.

मी आठवडाभर बंदराच्या रस्त्यानं गेलो नाही, तात्या भेटतील म्हणून. मे महिन्यात सुनंदा सुट्टीवर आली आणि एका सकाळी माझ्या ओटीवर उभी राहिली, हातात जाडजूड पुस्तक.

"सर, माझा गणित ऱ्हवला."

"समजलं," मी म्हणालो. "माझंच चुकलं असणार."

"तां सोडा. ह्यातलां तुमका काय येता?"

पुस्तक चाळलं. खरं तेच सांगितलं, "काहीच नाही."

"मगे बरा झाला," ती म्हणाली आणि चपला काढून बसली. "दोघांका पयल्यापासून सुरू करूक गावात."

महिनाभर आम्ही ओटीवर बसलो. आधी ती वाचायची आणि मला सांगायची. मला कळलं नाही की मी विचारायचो, आणि मी विचारलं की तिला कळायचं की तिलाही ते कळलेलं नाही. मग दोघं डोकं धरून बसायचो. माझी बायको मध्येच येऊन कोकम सरबत ठेवून जायची आणि जाताना म्हणायची, "पास क्लास." देवळातली गोष्ट तोवर तिच्यापर्यंत पोचली होती. पास क्लासवाल्या माणसानं ज्या गोष्टी बी.एस्सी.ला घोकून पार केल्या होत्या, त्या मला त्या महिन्यात पहिल्यांदा दिसल्या. त्या इतक्या सुरेख असतील, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा तात्या अंगणात येऊन उभे राहिले. बराच वेळ आमची वादावादी ऐकली. मग विचारलं, "आता कोण कोणाक शिकवता?"

सुनंदा वर न बघता म्हणाली, "बाबा, मधी बोला नको."

राहिलेला पेपर तिनं पुढच्या परीक्षेला दिला. निकालाचा दिवस मला माहीत होता, पण मी कुणाला विचारायला गेलो नाही. वर्गात शिकवत होतो. दारात तात्या दिसले. डोक्याला फडकं, हातात पोरीची तार, पाय गुडघ्यापर्यंत वाळूनं भरलेले, म्हणजे रापणीवरून तसेच आलेले. मुलं त्यांच्याकडे बघायला लागली. माझ्या हातातला खडू तसाच राहिला. तात्यांनी आत यायला पायांवरची वाळू झटकली, ती काही निघाली नाही, तेव्हा ते दारातूनच म्हणाले,

"मास्तरानू, सुटलास."